ट्रोलिंग मोटरच्या बॅटऱ्या: जोडणी आणि चार्जिंग, सविस्तर

ट्रोलिंग मोटर, म्हणजे मासेमारीची छोटी बोट हळू चालवणारी विजेची मोटर, दुपारपर्यंत दम टाकू लागली की पहिला आळ बॅटरीवर येतो. नवी बॅटरी आणली जाते आणि काही दिवसांत तीही तशीच वागू लागते. बहुतेक वेळा पाणी दुसरीकडेच मुरत असते: बॅटरी आणि मोटर यांच्यामधल्या चार-पाच मीटर केबलमध्ये, एखाद्या सैल लगमध्ये (केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कानात) किंवा रोज थोडे थोडे अपुरे राहणाऱ्या चार्जिंगमध्ये. घरच्या वायरिंगमध्ये अर्धा व्होल्ट वाटेत हरवला तर कुणाला कळतही नाही. १२ व्होल्टच्या मोटरसाठी तो चार टक्के असतो आणि तो जिथे हरवतो तिथे उष्णता होऊन बाहेर पडतो.

आधी करंटचा आकडा

मोटरच्या माहितीपुस्तिकेत जास्तीत जास्त करंट दिलेला असतो. केबल, ब्रेकर, प्लग, बॅटरी या सगळ्यांची निवड त्याच आकड्यावरून करायची. साधारण अंदाज असा: १२ व्होल्टची ५५ पाउंड थ्रस्टची (पुढे ढकलण्याच्या जोराची) मोटर पूर्ण वेगात सुमारे ५० ॲम्पिअर ओढते, २४ व्होल्टची ८० पाउंडची सुमारे ५६ आणि ३६ व्होल्टची ११२ पाउंडची सुमारे ५२. थ्रस्ट दुप्पट झाला तरी करंट जवळपास तेवढाच राहतो, कारण व्होल्टेज वाढलेले असते. २४ व्होल्टच्या त्याच मोटरइतकी शक्ती १२ व्होल्टवर हवी असती, तर ११० ॲम्पिअरच्या वर करंट लागला असता आणि केबल मनगटासारखी जाड घ्यावी लागली असती.

पंख्यात शेवाळ किंवा मासेमारीची दोरी अडकली की करंट एकदम वाढतो. ब्रेकर पडला तर आधी पंखा तपासा, ब्रेकर नंतर.

आता बॅटरी किती वेळ पुरेल ते पाहू. लेड-ॲसिड बॅटरीवर लिहिलेले १०० ॲम्पिअर-अवर हे २० तासांच्या दराने मोजलेले असतात, म्हणजे ५ ॲम्पिअरच्या संथ करंटवर. तिच्यातून ५० ॲम्पिअर ओढले तर ती दोन तास चालत नाही. सव्वा तासाच्या आसपास संपते, कारण वेगाने ओढताना प्लेटच्या आतल्या भागापर्यंत ॲसिड वेळेवर पोहोचत नाही. त्यात आयुष्य टिकवण्यासाठी निम्मीच वापरायची ठरवली, तर पूर्ण वेगाची जेमतेम ३५ ते ४० मिनिटे हातात राहतात. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत ही घट जवळपास होत नाही. १०० ॲम्पिअर-अवरपैकी ८० वापरले तरी ५० ॲम्पिअरवर दीड तासाहून थोडा जास्त वेळ मिळतो.

खरी बचत मात्र वेग कमी करण्यात आहे. पाण्यातून बोट ढकलायला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून थोडा वेग सोडला तरी चालण्याचा वेळ भरपूर वाढतो. हा फायदा पल्स पद्धतीने, म्हणजे करंट झपाट्याने चालू-बंद करून, वेग बदलणाऱ्या मोटरमध्ये पुरा मिळतो. पाच ठरावीक वेगांच्या जुन्या पद्धतीच्या मोटरमध्ये कमी वेगावरही काही शक्ती उष्णतेतच जाते.

बॅटरी निवडताना

गाडी सुरू करायची बॅटरी इथे लावू नका. तिच्या प्लेट पातळ असतात, क्षणभर प्रचंड करंट द्यायला त्या चांगल्या; रोज निम्मे रिकामे होणे त्यांना सोसत नाही. डीप सायकल बॅटरीच हवी. काही बॅटऱ्यांवर ॲम्पिअर-अवरऐवजी ‘रिझर्व्ह कपॅसिटी’ मिनिटांत दिलेली असते, म्हणजे २५ ॲम्पिअरवर बॅटरी किती मिनिटे चालते. त्या मिनिटांना २५ ने गुणून ६० ने भागले की २५ ॲम्पिअरच्या दराने मिळणारे ॲम्पिअर-अवर निघतात. मोटरच्या वापराशी हा आकडा २० तासांच्या आकड्यापेक्षा जवळचा आहे, म्हणून तुलना यावरून केलेली बरी.

२४ किंवा ३६ व्होल्टसाठी सगळ्या बॅटऱ्या एकाच जातीच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वयाच्या घ्या. एक जुनी आणि एक नवी अशी जोडी लावली तर जुनी आधी संपते आणि नवी त्या रिकाम्या बॅटरीतूनही करंट रेटत राहते. जुनी तर मरतेच, नवीही अपुऱ्या चार्जिंगची बळी ठरते.

लिथियममध्ये आतल्या संरक्षक सर्किटची, म्हणजे बीएमएसची, सतत करंट देण्याची मर्यादा बघा. मोटर ५० ॲम्पिअरची असेल तर १०० ॲम्पिअरची बीएमएस असलेली बॅटरी निर्धास्त चालते. ‘सीरिजमध्ये जोडता येते’ (म्हणजे व्होल्टेज वाढवायला एकापुढे एक) असे उत्पादकाने स्पष्ट लिहिलेले नसेल, तर ती बॅटरी २४ व्होल्टसाठी घेऊच नका.

केबल: इथे काटकसर महाग पडते

मोटर पुढे आणि वजन सांभाळायला बॅटऱ्या मागे, ही नेहमीची रचना. समजा एका बाजूचे अंतर ५ मीटर आहे. करंट जातो आणि परतही येतो, म्हणून हिशेब १० मीटरचा करायचा. तांब्यासाठी सूत्र सोपे आहे: ०.०१७५ गुणिले एकूण मीटर, भागिले केबलचे क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये. आलेला रोध करंटने गुणा, व्होल्टची घट मिळते.

५० ॲम्पिअरसाठी हे मांडून बघा. १० चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये ०.८८ व्होल्ट जातात, म्हणजे सात टक्क्यांहून जास्त. सुमारे ४४ वॉट नुसते केबल तापवण्यात. १६ चौरस मिलिमीटरमध्ये ०.५५ व्होल्ट, साडेचार टक्के. २५ चौरस मिलिमीटरमध्ये ०.३५ व्होल्ट, तीन टक्क्यांच्या आत. तीन टक्के हे चांगले लक्ष्य आहे. म्हणजे १२ व्होल्ट आणि ५ मीटर अंतर असेल तर २५ चौरस मिलिमीटर घ्या. बॅटरी मोटरपासून दोन मीटरवर असेल तर १६ भरपूर होते. २४ व्होल्टच्या ५६ ॲम्पिअर मोटरला तेवढ्याच ५ मीटरवर १६ चौरस मिलिमीटर पुरते: घट ०.६१ व्होल्ट, पण २४ च्या मानाने ती अडीच टक्केच. अमेरिकन गेजमध्ये ६ नंबर म्हणजे सुमारे १३ चौरस मिलिमीटर आणि ४ नंबर म्हणजे सुमारे २१. दुकानात गेज सांगितला तर हे मनात ठेवा.

केबल अनेक बारीक तारांची, लवचीक आणि कथिलाचा मुलामा दिलेली असावी. साधे तांबे ओलसर जागेत इन्सुलेशनच्या आत काळे पडत जाते आणि बाहेरून काही दिसत नाही. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबलही मिळते. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो आणि बोटीवर ती झपाट्याने गंजते. ओळखायला एक तार सुरीने खरवडा. आत लालसर रंग दिसला तर तांबे, आतपर्यंत पांढरट चंदेरी दिसली तर ॲल्युमिनियम. कथिलाचे तांबेही वरून चंदेरीच दिसते, म्हणून खरवडल्याशिवाय निर्णय देऊ नका.

मोटरची केबल सोनारच्या (ध्वनिलहरींनी पाण्याखालचे दाखवणाऱ्या यंत्राच्या) ट्रान्सड्युसर वायरशेजारून नेऊ नका. पल्स पद्धतीच्या मोटरचा गोंगाट पडद्यावर रेघांच्या रूपात उमटतो. दोन्ही केबल बोटीच्या दोन वेगळ्या बाजूंनी न्या आणि जिथे एकमेकींना ओलांडावेच लागेल तिथे काटकोनात ओलांडा.

ब्रेकर

ब्रेकर मोटरसाठी नसून केबलसाठी असतो. केबल कुठे घासून बोटीच्या धातूला टेकली, तर बॅटरी क्षणात शेकडो ॲम्पिअर ओतते आणि केबलच पेट घेते. म्हणून ब्रेकर बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलच्या शक्य तितका जवळ. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकात हे अंतर ७ इंच, म्हणजे सुमारे १८ सेंटिमीटर आहे. केबल थेट बॅटरीला जोडलेली असून पूर्ण लांबीभर नळीत किंवा आवरणात असेल तर ७२ इंचांपर्यंत सूट मिळते. मोटरजवळ पुढच्या बाजूला लावलेला ब्रेकर मधल्या सगळ्या केबलला उघडे सोडतो.

मोटरच्या कमाल करंटपेक्षा ब्रेकर थोडा वरचा हवा: ४२ ते ४६ ॲम्पिअरच्या मोटरला ५०, आणि ५० ते ५६ ॲम्पिअरच्या मोटरला ६०. तो डीसीसाठीच बनवलेला आणि तुमच्या यंत्रणेच्या व्होल्टेजला मान्य असलेला असावा. घरच्या वितरण पेटीतला एसी ब्रेकर इथे घातक आहे. एसीमध्ये करंट सेकंदाला अनेकदा शून्यावर येतो आणि ठिणगी विझते. डीसीमध्ये ती तशीच जळत राहू शकते. लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध फार कमी असतो, त्यामुळे तिच्यासाठी मोठा शॉर्ट सर्किट करंट तोडू शकणारा फ्यूज, उदाहरणार्थ टी वर्गाचा, ब्रेकरच्या आधी लावणे शहाणपणाचे. बोटीवर पेट्रोलचे इंजिन किंवा टाकी असेल, तर त्या कप्प्यातला ब्रेकर ‘इग्निशन प्रोटेक्टेड’, म्हणजे आतल्या ठिणगीने बाहेरची पेट्रोलची वाफ पेटू न देणारा, असलाच पाहिजे.

लग बसवणे

लग तांब्याचा, केबलच्या मापाचा आणि टर्मिनलच्या बोल्टच्या छिद्राचा घ्या. इन्सुलेशन लगच्या नळीइतकेच सोला. एकही तार कापली जाऊ देऊ नका. तारा नळीच्या टोकापर्यंत गेल्या की क्रिम्पिंगच्या योग्य साच्यात दाबा. पक्कड किंवा हातोडीने चेपलेला लग दिसायला घट्ट असतो, आत मात्र पोकळी राहते. हाताने जोरात ओढून बघा. किंचितही सरकला तर कापून नवा लावा. वरून आत डिंक असलेली हीट श्रिंक नळी तापवून बसवा, कडेने डिंक बाहेर आला की पाणी जाण्याची वाट बंद झाली. नुसत्या डाखावर भिस्त ठेवू नका: सांधा तापला तर तो मऊ होतो आणि डाख जिथे संपतो तिथे तारा कंपनांनी तुटतात.

टर्मिनलवर लग थेट शिशावर किंवा पितळावर टेकला पाहिजे. वॉशर लगच्या वर, खाली कधीच नाही. स्टीलचा वॉशर मध्ये आला की तो करंटच्या वाटेतला धोंडा होतो. पंखांचे नट काढून षट्कोनी नट आणि स्प्रिंग वॉशर लावा. हाताने आवळलेला पंखांचा नट लाटांच्या हादऱ्यांनी सैल होतो. एका टर्मिनलवर चारपेक्षा जास्त लग नकोत, सर्वांत जाड लग सर्वांत खाली. पॉझिटिव्ह टर्मिनलवर रबरी टोपी हवीच.

प्रत्यक्ष जोडणी

२४ व्होल्टसाठी दोन बॅटऱ्यांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणू.

१. ब्रेकर बंद ठेवा, मोटरचा प्लग काढून ठेवा, हातातली अंगठी आणि कडे उतरवा. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा.

२. दोन्ही बॅटऱ्या ट्रेमध्ये पट्ट्याने आवळून बसवा. ओढून बघितल्यावर अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलू नयेत.

३. मोटरकडची लाल केबल ब्रेकरच्या एका टोकाला, दुसऱ्या टोकापासून छोटी केबल ‘ब’ च्या पॉझिटिव्हला.

४. ‘अ’ चे पॉझिटिव्ह आणि ‘ब’ चे निगेटिव्ह यांच्यामध्ये एकच जंपर (जोडणारी छोटी केबल), मुख्य केबलच्याच जाडीचा.

५. शेवटी मोटरची काळी केबल ‘अ’ च्या निगेटिव्हला.

६. ब्रेकर चालू करून पुढच्या सॉकेटवर मल्टिमीटर लावा. भरलेल्या लेड-ॲसिड बॅटऱ्या असतील तर २५.४ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. १२.७ दिसले तर वाटेत एकच बॅटरी आली आहे. उणे चिन्ह दिसले तर केबल उलट्या आहेत. मोटर जोडू नका, नियंत्रक सर्किट क्षणात जळते.

उरलेली दोन टर्मिनल मोकळी दिसतात म्हणून त्यांच्यात दुसरा जंपर टाकायचा मोह काही जणांना होतो. तो थेट शॉर्ट सर्किट आहे. ३६ व्होल्टला तिसरी बॅटरी अशीच पुढे जोडायची: दोन जंपर, एक ब्रेकर. १२ व्होल्टवर क्षमता वाढवायला दोन बॅटऱ्या समांतर जोडत असाल, तर पॉझिटिव्ह एका बॅटरीवरून आणि निगेटिव्ह दुसरीवरून घ्या. दोन्ही केबल एकाच बॅटरीवर लावल्या तर तीच जास्त झिजते.

२४ व्होल्टच्या जोडीतल्या एका बॅटरीवरून दिवे, पंप किंवा सोनारसाठी १२ व्होल्ट काढू नका. ती बॅटरी दररोज थोडी जास्त रिकामी होते आणि जोडीचा समतोल जातो. या उपकरणांना इंजिनची बॅटरी किंवा स्वतंत्र छोटी बॅटरी द्या.

भाराखाली तपासणी

रिकाम्या केबलवरचे व्होल्ट काहीच सांगत नाहीत. गंजलेली एकच तार उरली असली तरी मीटर पूर्ण व्होल्ट दाखवतो. बोट बांधून ठेवा, पंखा पाण्यात सोडा, मोटर पूर्ण वेगात चालवा. आता बॅटरीच्या टर्मिनलवर आणि लगेच मोटरच्या प्लगवर व्होल्ट मोजा. दोन्हींतला फरक वर काढलेल्या हिशेबाच्या जवळ असायला हवा. जास्त आला तर मीटरचे एक टोक सांध्याच्या अलीकडे आणि दुसरे पलीकडे लावत प्रत्येक लग, ब्रेकर आणि प्लग एकेक करून तपासा. चांगल्या लगवर काही मिलिव्होल्टच दिसतात. एखाद्या सांध्यावर ०.२ व्होल्ट दिसले तर ५० ॲम्पिअरवर तिथे १० वॉट उष्णता तयार होते आहे. हात लावून ती जाणवते. सर्वांत जास्त दगा देतो तो पुढचा प्लग: पिना ढिल्या होतात, काळ्या पडतात, प्लास्टिक वितळते. तो मोटरच्या कमाल करंटहून वरच्या मापाचाच घ्या.

करंट मोजायचा असेल तर डीसी क्लॅम्प मीटर वापरा. साध्या मल्टिमीटरची १० ॲम्पिअरची मर्यादा इथे क्षणात ओलांडली जाते.

चार्जिंग

लेड-ॲसिड बॅटरी जितका वेळ अर्धवट रिकामी राहते, तितके तिच्या प्लेटवरचे लेड सल्फेटचे स्फटिक मोठे आणि कडक होत जातात. ते पुन्हा विरघळत नाहीत आणि तेवढी क्षमता कायमची जाते. म्हणून बोट किनाऱ्याला लागली त्याच संध्याकाळी चार्जर लावा, शनिवारची वाट पाहू नका.

चार्जरचा करंट: पाणी घालावे लागणाऱ्या साध्या बॅटरीला क्षमतेच्या १० ते २० टक्के, म्हणजे १०० ॲम्पिअर-अवरला १० ते २० ॲम्पिअर. एजीएम (ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेली बंद बॅटरी) याहून थोडा जास्त घेते. लिथियम साधारण २० ते ५० ॲम्पिअर. पहिल्या टप्प्यात चार्जर पूर्ण करंट देतो आणि बॅटरी सुमारे ८० टक्क्यांपर्यंत झपाट्याने भरते. मग व्होल्टेज स्थिर धरून करंट हळूहळू उतरतो. निम्म्या रिकाम्या १०० ॲम्पिअर-अवर बॅटरीला १५ ॲम्पिअरचा चार्जर पहिले ३० ॲम्पिअर-अवर दोन तासांत भरतो, पण उरलेल्या २० टक्क्यांना आणखी तीन ते पाच तास लागतात. नेमका हाच भाग लोक सोडतात: सकाळी दोन तास चार्जर लावून निघतात आणि बॅटरी आठवडेच्या आठवडे कधी पूर्ण भरतच नाही.

चार्जरवर बॅटरीची जात बरोबर निवडा. २५ अंश सेल्सिअसला साध्या बॅटरीसाठी १४.४ ते १४.८ व्होल्ट, एजीएमसाठी १४.४ ते १४.७, जेलसाठी (ॲसिड घट्ट जेलीसारखे असलेल्या बॅटरीसाठी) सुमारे १४.१, लिथियम आयर्न फॉस्फेटसाठी १४.२ ते १४.६. भरल्यानंतर लेड-ॲसिडला १३.२ ते १३.८ वर धरून ठेवतात. लिथियमला त्याची गरज नसते. जेलला साध्या बॅटरीचे व्होल्टेज दिले तर आत बुडबुडे अडकतात आणि ते कायमचे राहतात. उष्ण हवेत व्होल्टेज उतरवावे लागते, दर अंशामागे १२ व्होल्टच्या बॅटरीला साधारण ०.०२४ व्होल्ट, म्हणजे ३५ अंशांना सुमारे पाव व्होल्ट कमी. तापमानाचा सेन्सर असलेला चार्जर हे आपोआप करतो.

२४ किंवा ३६ व्होल्टसाठी प्रत्येक बॅटरीला स्वतंत्र बँक (चार्जिंगची वेगळी जोडणी) असलेला, बँका एकमेकींपासून विलग असलेला बोटीवरचा चार्जर ही सर्वांत चांगली सोय. प्रत्येक बँकेची लाल आणि काळी वायर एकाच बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर. जंपर काढायची गरज नाही, प्रत्येक बॅटरी आपापल्या गरजेपुरती भरते. चार्जरच्या वायरमध्ये फ्यूज असतो, तो कापून टाकू नका. बँका विलग आहेत की नाही याची खात्री नसेल तर चार्ज करण्यापूर्वी जंपर काढा, नाहीतर जंपरमधून शॉर्ट होतो. एकच २४ व्होल्टचा चार्जर दोन बॅटऱ्यांना वापरत असाल, तर महिन्या-दोन महिन्यांनी दोन्ही वेगवेगळ्या १२ व्होल्टच्या चार्जरवर पूर्ण भरा.

क्रम असा: मोटरचा ब्रेकर बंद, कप्प्याचे झाकण उघडे, बॅटरीला चार्जर जोडा आणि मग मेनचा स्विच. काढताना उलट. साध्या बॅटरीतून चार्जिंगच्या शेवटी हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले की तो पेट घेऊ शकतो. टर्मिनलवर ठिणगी पडू नये म्हणून हा क्रम. एक्स्टेंशन तीन पिनांचे, अर्थिंगचे आणि गळतीला तोडणाऱ्या ब्रेकरमागचे हवे.

साध्या बॅटरीत डिस्टिल्ड पाणी चार्जिंग झाल्यावर घाला. आधी घातले तर भरताना ॲसिड फुगून वर सांडते. प्लेट उघड्या पडल्या असतील तर फक्त त्या बुडतील एवढेच आधी घाला. हायड्रोमीटरवर भरलेल्या सेलचे विशिष्ट गुरुत्व १.२६५ ते १.२८० दिसते. सगळ्या सेलचे जवळपास सारखे पण कमी असेल तर चार्जिंग अपुरे आहे. एकाच सेलचे बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर तो सेल संपला. विश्रांतीच्या स्थितीत १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण, १२.२ म्हणजे निम्मी. पण चार्जर काढल्यावर काही तास थांबून मोजा, लगेच दिसणारे १३ खोटे असतात.

लिथियमला व्होल्ट पाहून अंदाज येत नाही, भरलेली आणि निम्मी यांत फरक अगदी थोडा असतो. शंट (करंट मोजायला वाटेत बसवलेला छोटा रोध) लावलेला ॲम्पिअर-अवर मीटर घ्या. शून्य अंशाखाली ती चार्ज करू नका, ऋण बाजूवर लिथियम धातू साचतो आणि ते नुकसान भरून येत नाही. सीरिजमध्ये जोडण्यापूर्वी प्रत्येक बॅटरी स्वतंत्रपणे पूर्ण भरा. लेड-ॲसिडच्या चार्जरचा सल्फेट काढण्याचा मोड लिथियमवर कधीही चालवू नका. बॅटरीवर शून्य व्होल्ट दिसत असतील तर बीएमएसने ती बंद केलेली असू शकते. साधा चार्जर अशा बॅटरीला ओळखतच नाही, तिला जागी करायला लिथियमसाठीचाच चार्जर लागतो.

इंजिनच्या अल्टरनेटरने या बॅटऱ्या भरायच्या असतील तर मध्ये डीसी-डीसी चार्जर ठेवा. थेट जोडणीत लिथियम इतका करंट मागते की अल्टरनेटर तापून जळू शकतो, आणि २४ व्होल्टच्या जोडीला तर १२ व्होल्टचा अल्टरनेटर पुरणारच नाही.

बोट काही महिने उभी राहणार असेल तर लेड-ॲसिड पूर्ण भरून ठेवा आणि महिन्यातून एकदा पुन्हा भरा. ती स्वतःहूनच महिन्याला काही टक्के उतरते आणि उष्ण जागी आणखी वेगाने. लिथियम निम्म्यावर आणून थंड, कोरड्या जागी ठेवा. दोन्हींची निगेटिव्ह केबल काढून ठेवा, कारण बंद दिसणाऱ्या मोटरमधली रिमोटची आणि वायफायची सर्किटेही थेंबाथेंबाने करंट पीत असतात.